गर्दीतील खूण : सार्वजनिक उद्यानातील जिओकॅशिंग आणि 'स्थानपोथी'ची परंपरा

प्रस्तावना

जिओकॅशिंग हा शब्द मराठीत अद्याप रुळलेला नाही आणि त्यामागील खेळही महाराष्ट्रात मोजक्याच लोकांच्या परिचयाचा आहे. उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती करणारे यंत्र किंवा भ्रमणध्वनी हाती घेऊन कोणीतरी लपवून ठेवलेली डबी शोधून काढणे, तीतील वहीत आपले नाव व दिनांक लिहिणे आणि डबी होती तशी परत ठेवणे, एवढेच या खेळाचे बाह्य स्वरूप आहे. अमेरिकी शासनाने मे २००० च्या आरंभी नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत हेतुपुरस्सर मिसळला जाणारा दोष काढून टाकला. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारी यंत्रे त्यामुळे एकाएकी बरीच नेमकी झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर याने ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. तेथून हा खेळ जगभर पसरला आणि आज अशा लपवलेल्या डब्यांची संख्या तीस लाखांच्या वर गेली आहे. त्याचा एक पूर्वज इंग्लंडच्या डार्टमूर माळरानावर सापडतो. जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली क्रॅनमिअर पूल या दुर्गम ठिकाणी एक बाटली ठेवली आणि तेथवर पोहोचणारे आपली नावपत्रे तीत टाकू लागले.

शब्दाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. 'कॅश' या उच्चाराने मराठी माणसाला रोकडच आठवते. उद्यानात झुडपाखाली वाकलेल्या तरुणाने पहारेकऱ्याला 'कॅश शोधतो आहे' असे उत्तर दिले, तर प्रकरण कोणत्या दिशेने जाईल याची कल्पना करता येते. मूळ शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ 'लपवणे' असा आहे. उत्तर अमेरिकेतील शिकारी व प्रवासी परतीच्या वाटेसाठी अन्नसाठा जमिनीत दडवीत, त्याला हा शब्द लागला. या अर्थाने मराठीतील त्याचा जवळचा सोयरा 'गुप्तधन' हा नसून 'पेव' हा आहे. पेव जमिनीखाली असे आणि परक्याला दिसत नसे, परंतु ते कोठे आहे हे घराला ठाऊक असे. गुप्तधन ज्याला सापडेल त्याचे. पेवातील धान्य मात्र ज्यांच्या स्मरणात त्याची जागा आहे त्यांचे. पुढील विवेचनात हा भेद पुन्हा उपयोगी पडेल.

जिओकॅशिंगकडे बहुधा क्रीडा, पर्यटन किंवा तंत्रज्ञान या अंगांनी पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार एक लेखनप्रकार म्हणून केला आहे. डबी लपवणारा मनुष्य त्या जागेचे वर्णन लिहितो, वाट सांगतो, शोधाची व भूभागाची काठिण्यपातळी १ ते ५ अशा अंकांत देतो आणि एक सूचक वाक्य जोडतो. शोधणारा आपला वृत्तांत लिहितो. अशा रीतीने एका जागेभोवती अनेकांनी मिळून लिहिलेली संहिता तयार होते. ही संहिता जागेशी आणि त्या जागेवरील माणसांशी कसे वागते, हा समीक्षेचा प्रश्न आहे. निर्जन टेकडीवर तो तितकासा जाणवत नाही. वर्दळीच्या सार्वजनिक उद्यानात तो टाळता येत नाही. मराठीला या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही, कारण स्थाननिर्देश हाच विषय असलेला एक संपूर्ण ग्रंथ मराठीत चौदाव्या शतकापासून आहे. तो म्हणजे महानुभाव पंथाची 'स्थानपोथी'.

शेवटचे पाच मीटर

जिओकॅशिंगमध्ये जागा अंश, मिनिटे आणि मिनिटाचे तीन दशांश स्थळांपर्यंतचे भाग यांत सांगितली जाते. यावल गाव ढोबळमानाने २१ अंश १० मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७५ अंश ४२ मिनिटे पूर्व रेखांश येथे आहे असे म्हटले, तर एवढ्यावरून गाव सापडते, घर सापडत नाही. कारण अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. मिनिटाचे हजार भाग केले की एक भाग १.८५ मीटर एवढा होतो. यावलच्या अक्षांशावर रेखांशाचा तेवढाच भाग थोडा कमी, सुमारे १.७३ मीटर भरतो. आकड्यांची ही भाषा दोन मीटरपर्यंत नेमकेपणा सांगू शकते. हातातील भ्रमणध्वनी मात्र मोकळ्या आकाशाखालीही सुमारे पाच मीटरने चुकतो आणि दाट झाडीत किंवा उंच इमारतींच्या सावलीत त्याहून अधिक. पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस मीटर येते. या ७८ चौरस मीटरांत यंत्राचे काम संपते आणि डोळ्यांचे सुरू होते.

या वर्तुळात काय असते? ऑरेगनच्या अरण्यात एखादा ओंडका असेल. पुण्याच्या सारसबागेत, दादरच्या शिवाजी पार्कात किंवा जळगावच्या काव्यरत्नावली चौकालगतच्या भाऊंच्या उद्यानात त्या वर्तुळात माणसे असतात. बाकावर बसलेले निवृत्त गृहस्थ, घरी दोन शब्द बोलायला जागा नसलेले तरुण जोडपे, पाण्याची नळी ओढणारा माळी, झाडणारी बाई, घसरगुंडीवरून उतरून पुन्हा जिना चढणारी मुले, कुंपणाबाहेर भेळेची गाडी. शोध वस्तूचा असला तरी शोधकाच्या नजरेत प्रथम माणसेच येतात, आणि ती अडथळा म्हणून येतात. जिओकॅशिंगच्या परिभाषेत या माणसांना 'मगल' म्हणतात. रोलिंगच्या हॅरी पॉटर कादंबऱ्यांत जादू न जाणणाऱ्या सामान्य माणसांसाठी हा शब्द आला, तेथून तो या खेळाने उचलला. मगलांच्या देखत डबी काढू नये, हा खेळाचा संकेत आहे. म्हणून शोधक बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करतो, दूरध्वनीवर बोलत असल्याचे सोंग आणतो, बाक रिकामा होण्याची वाट पाहतो. अशा प्रसंगांची वर्णने शोधकांच्या वृत्तांतांत हमखास आढळतात आणि ती बहुधा विनोदी असतात. त्या विनोदात बाकावरच्या माणसाला मात्र वाटा नसतो. तो उद्यानाचा नेहमीचा, कदाचित रोजचा वापरकर्ता असतो आणि त्याच्या बसण्याच्या जागेविषयीची एक गोष्ट त्यालाच ठाऊक नसते.

येथे काव्यरत्नावली चौकाच्या नावाचा उल्लेख अनाठायी ठरू नये. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली जळगावात केवळ कवितेला वाहिलेले 'काव्यरत्नावली' हे मासिक सुरू केले. पहिले कविसंमेलन १९०७ साली याच शहरात भरले आणि तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे 'बालकवी' झाले. आज त्या मासिकाचे नाव चौकात उघड्यावर आहे, रिक्षाचालकाच्या तोंडी आहे, पत्त्यात आहे. त्याचा अर्थ मात्र फार थोड्यांना लागतो. लपवण्यासाठी डबीच लागते असे नाही.

बेवारस वस्तू

उद्यानातील लपवलेल्या डबीकडे महाराष्ट्रातील माणूस ज्या डोळ्यांनी पाहतो, ते डोळे एका विशिष्ट इतिहासाने घडले आहेत. रेल्वे स्थानकावर, एस.टी. आगारात, चित्रपटगृहात 'बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा' ही सूचना ऐकत एक पिढी वाढली. मुंबईत १९९३ आणि २००६ साली, खानदेशाच्या शेजारच्या मालेगावात २००६ व २००८ साली, पुण्यात २०१० साली स्फोट झाले. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर १ ऑगस्ट २०१२ रोजी साखळी स्फोट झाले, आणि संभाजी उद्यान त्याच रस्त्यावर आहे. त्या उद्यानाच्या कुंपणालगत कोणी प्लॅस्टिकची डबी चिकटपट्टीने बांधली, तर तिला खेळणे म्हणून ओळखण्याची अपेक्षा कोणाकडून करायची? हा प्रश्न केवळ भारतापुरता नाही. इंग्लंडमधील वेदरबी या गावी २०११ साली एका उपाहारगृहाबाहेरची अशी डबी स्फोटक समजली गेली, रस्ता बंद झाला आणि बॉम्बनाशक पथकाने ती उडवून दिली. जागामालकाची परवानगी घ्यावी असा खेळाचा नियम आहे. वर्दळीच्या जागी त्याचे महत्त्व किती, हे त्या घटनेने दाखवले.

कायद्याची एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत लपलेली, कोणत्याही मूल्याची गोष्ट म्हणजे निधी, आणि दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. डबीतील खेळण्यांची किंमत आज सहज दहा रुपयांच्या वर जाते. तात्त्विकदृष्ट्या पाहता प्रत्येक यशस्वी शोधकाने जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्यायला हवा. एकोणिसाव्या शतकातील विधिकर्त्यांना खेळण्यासाठी पुरलेला निधी सुचणे शक्यच नव्हते. तरीही त्यांच्या व्याख्येत एक शहाणपण दडले आहे. जमिनीत दडलेली गोष्ट ही सापडणाऱ्याची खाजगी बाब नाही, तिच्यावर इतरांचेही काही म्हणणे असू शकते, हे तो कायदा गृहीत धरतो. निव्वळ आभासी वस्तूंच्या बाबतीतही हे म्हणणे पुढे आले. 'पोकेमॉन गो' हा खेळ २०१६ साली आला, तेव्हा त्यातील अंडी प्रार्थनास्थळांवर दिसतात, या तक्रारीवरून गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्या याचिकेची गुणवत्ता हा निराळा विषय आहे. जागेवर काही ठेवण्याआधी त्या जागेच्या माणसांना विचारले होते काय, हा तिचा गाभा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

संशयाचे वाटप सर्वांवर सारखे होत नाही, हे अधिक गंभीर आहे. उद्यानात रेंगाळणे, वाकणे, झाडाच्या ढोलीत हात घालणे, तीच फेरी पुन्हा मारणे या कृती नीटनेटक्या कपड्यांतील, हातात महाग भ्रमणध्वनी असलेल्या पुरुषाला शोभून जातात. त्याच कृती कचरा वेचणाऱ्या मुलाने केल्या तर चोरी ठरतात, विशिष्ट पेहरावाच्या तरुणाने केल्या तर त्याहून भयंकर काही ठरतात, आणि एकट्या स्त्रीने सायंकाळी केल्या तर तिच्या चारित्र्याची चर्चा होते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर' या २०११ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात मुंबईतील स्त्रियांच्या संदर्भात दाखवले आहे की, सार्वजनिक जागी वावरताना स्त्रीला सतत काही ना काही प्रयोजन दाखवावे लागते. विनाकारण असण्याची मुभा तिला नाही. जिओकॅशिंग ही तर निष्प्रयोजन वावराची पराकाष्ठा आहे. जो खेळ कोणालाही खेळता येतो असे सांगितले जाते, तो वस्तुतः ज्यांना उद्यानात कोणी हटकत नाही त्यांचा खेळ ठरतो. खेळाच्या संहितेत भूभागाची काठिण्यपातळी दिलेली असते. या काठिण्याला तीत रकाना नाही.

स्थानपोथी

श्रीचक्रधरांनी तेराव्या शतकात महाराष्ट्रभर परिभ्रमण केले. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी प्रत्यक्षदर्शींना भेटून, गावोगाव हिंडून संकलित केल्या, त्यातून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. पुढे मुनिव्यास कोठी यांच्या नावावर असलेल्या 'स्थानपोथी'ने या लीळांच्या जागांची नोंद केली. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे ती आजच्या वाचकाला उपलब्ध आहे. चक्रधर कोठे दीर्घकाळ राहिले, कोठे एक रात्र वस्तीला होते, कोठे बसले, कोठे जेवले, इतकेच काय पण कोठे परिश्रयास म्हणजे लघुशंकेस गेले, याचे स्थान गावपरत्वे सांगणारा हा ग्रंथ आहे. अवस्थान, वसति, आसन, परिश्रय असे त्याचे वर्गीकरण आहे. देहधर्माच्या जागाही स्मरणीय मानण्यात एक विलक्षण समता आहे. ईश्वराचा स्पर्श झालेल्या भूमीत उच्चनीच कोठून ठरवायचे?

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती पोथीची पद्धती. ती गावाचे नाव सांगते, गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ आहे ते सांगते, देवळाचे दार कोणत्या दिशेस उघडते ते सांगते, मग चौक, पटांगण, भिंत, पायरी यांच्या संदर्भाने नेमकी जागा सांगते. तिचे गद्य कोरडे आहे. वर्णनाचा सोस, निसर्गाचे कौतुक, भक्तीचा उमाळा तीत नाही. मोजणीदाराने शिवार नोंदवावे तसे ते गद्य आहे. म्हणूनच यादवकालीन देवळांचा आणि नगररचनेचा अभ्यास करणाऱ्यांना ती आज साधन म्हणून वापरता येते. जिओकॅशिंगची संहिता आकड्यांनी पाच मीटरपर्यंत नेऊन सोडते आणि उरलेले अंतर एका सूचक वाक्यावर सोपवते. स्थानपोथी जणू त्या शेवटच्या पाच मीटरांचीच पोथी आहे. तिथवरची वाट वाचकाने विचारत विचारत काढायची, हे तिने गृहीत धरलेले आहे.

'विचारत' हा शब्द येथे कळीचा आहे. स्थानवंदनासाठी निघालेला महानुभाव साधक गावात शिरून लोकांना विचारल्यावाचून जागेपर्यंत पोहोचूच शकत नव्हता. पोथीतील देऊळ कोणते, जुना ओढा कोणता, वेस कोठे होती, हे गावकरीच सांगणार. तो गावकरी पंथाबाहेरचा असे, अनेकदा पंथाविषयी प्रतिकूलही असे. तरीही तो साक्षीदार होता. त्या जागांवर ओटे बांधले गेले आणि ते उघड्यावर, गल्लीत, देवळाच्या आवारात आजही दिसतात. जळगाव जिल्ह्यात भडगाव तालुक्यातील कनाशी हे अशाच जुन्या महानुभाव क्षेत्रांपैकी एक. ओट्यामागची लीळा शेजारच्या माणसाला सांगता येईलच असे नाही, पण ओटा कोठे आहे हे तो निश्चित दाखवतो. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी 'कनेक्टेड प्लेसेस' या २००३ सालच्या ग्रंथात महाराष्ट्रातील यात्रांच्या आणि महानुभावांच्या स्थानस्मरणाच्या आधारे प्रदेशाची जाणीव कशी घडते याचे विवेचन केले आहे. त्या विवेचनाला जोडून म्हणता येईल की, ही जाणीव घडवण्यात पंथाबाहेरच्या, वाट दाखवणाऱ्या अनामिकांचाही वाटा आहे.

महानुभाव पंथ काही उघडावाघडा नव्हता, ही शंका कोणी उपस्थित करील आणि ती रास्त आहे. या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. त्यांतील सकळ लिपी रवळोव्यासांची मानली जाते. अक्षरांची ठरावीक अदलाबदल हे तिचे तत्त्व, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती उलगडीपर्यंत हे वाङ्मय पंथाबाहेरच्या विद्वानांना जवळपास अगम्य होते. योगायोग असा की, जिओकॅशिंगमधील सूचक वाक्यही सांकेतिक असते आणि त्याचेही तत्त्व अक्षरांची अदलाबदल हेच आहे. इंग्रजीच्या २६ अक्षरांपैकी प्रत्येक अक्षर १३ घरे सरकवले जाते, म्हणून एकाच क्रियेने कुलूप लागतेही आणि उघडतेही. या कुलपाची किल्ली शेजारीच छापलेली असते. ज्याला मदत नको आहे त्याच्या डोळ्यांवर उत्तर चुकून पडू नये, एवढाच त्याचा हेतू. सकळ लिपीमागे ग्रंथांच्या पावित्र्याची चिंता होती, परक्यांच्या हाती ते पडण्याची भीती होती. एकीकडे गुप्तता ही गरज, दुसरीकडे ती करमणूक.

तरीही मुख्य भेद गुप्ततेच्या कारणात शोधण्यापेक्षा तिच्या जागेत शोधावा लागेल. महानुभावांनी ग्रंथ लपवला आणि स्थान उघडे ठेवले. जिओकॅशिंगमध्ये संहिता जगात कोणालाही वाचता येते, लपवलेली असते ती वस्तू. परिणामी स्थानपोथीच्या जगात जागेवरचा माणूस ग्रंथ न वाचताही स्थान जाणतो. जिओकॅशिंगच्या जगात हजारो मैलांवरचा अपरिचित ती जागा जाणतो आणि तिथला माळी तेवढा जाणत नाही. पेव आणि गुप्तधन यांतील जो भेद आरंभी सांगितला, तो येथे लागू पडतो. स्थानपोथीतील जागा पेवासारखी आहे.

सापडले नाही

जिओकॅशिंगच्या संहितेतील दोष दाखवताना तिचा एक खरा गुण दृष्टिआड करणे अन्यायाचे होईल. या खेळात शोध फसला तरी तशी नोंद करावी अशी प्रथा आहे. 'सापडले नाही' ही नोंद अपयशाची कबुली असते आणि पुढच्यासाठी माहितीही असते. डबी हरवली असावी, झाड तोडले गेले असावे, कुंपण नवे बांधले असावे. यशाच्या नोंदी दिवसेंदिवस आखूड होत गेल्या आहेत. भ्रमणध्वनीवरून चालता चालता टंकलेले आभाराचे आद्याक्षरी सूत्र एवढेच त्यांत अनेकदा उरते. अपयशाच्या नोंदीत मात्र माणूस लिहितो. किती वेळ शोधले, कोठे कोठे पाहिले, पाऊस कसा आला, पहारेकऱ्याने काय विचारले, हे सारे त्यात येते. साहित्यदृष्ट्या या संहितेतील वाचनीय भाग बहुतांशी न सापडलेल्या डब्यांविषयीचा असतो. (विद्यापीठीय संशोधनात अशा नोंदीला स्थान नाही. न सापडलेल्या हस्तलिखितांवर कोणी प्रबंध सादर केल्याचे ऐकिवात नाही.)

महानुभाव वाङ्मयाने हीच प्रामाणिकता वेगळ्या रीतीने जपली. स्मरणातील भेद, एकाने असे सांगितले, दुसऱ्याने तसे, यांना तेथे 'वासना' म्हणतात आणि ते भेद पुसून न टाकता नोंदवले जातात. एकच खरा पाठ ठरवण्याचा आग्रह बाजूला ठेवून अनेक स्मरणे शेजारी शेजारी ठेवण्याची ही रीत आजच्या पाठचिकित्सेलाही आदर वाटावा अशी आहे. जिओकॅशिंगमध्ये वृत्तांत अनेकांचे असले तरी स्थानाचे आकडे एकाच्या, म्हणजे डबी ठेवणाऱ्याच्या मालकीचे असतात. त्या आकड्यांना वासना नाही.

यावल आणि सातपुडा

यावलसारख्या तालुक्याच्या गावी हा खेळ नेला तर काय होईल, याचा विचार उद्बोधक आहे. येथील वर्दळीच्या जागा म्हणजे एस.टी. स्थानक, बाजार, महर्षी व्यासांचे मंदिर आणि निंबाळकरांच्या किल्ल्याचा परिसर. (मंदिरातील व्यास आणि स्थानपोथीचे मुनिव्यास यांचे केवळ नामसाम्य आहे.) शहरातील उद्यानात मगलांची नजर चुकवता येते, कारण तेथे कोणी कोणाला ओळखत नाही. यावलमध्ये अनोळखी माणूस भिंतीपाशी दोन मिनिटे घुटमळला की 'काय पाह्यजे भाऊ, कोनाकडे आले?' असे विचारले जाणारच. या प्रश्नात संशय असतो, आतिथ्य असते आणि स्थाननिश्चितीची एक संपूर्ण पद्धतीही असते. गावात जागा माणसावरून सांगितली जाते. अमक्याचे घर, तमक्याचा मळा, फलाण्याची विहीर. ज्याचा मळा त्याने तो कधीच विकलेला असला तरी नाव टिकते. अशा गावात गुपचूप शोधणे हे नियमाप्रमाणे अशक्य, आणि विचारून शोधणे हे नियमाप्रमाणे खेळ मोडणे. म्हणजे जेथे जागेचे ज्ञान माणसांत वाटलेले आहे तेथे या खेळाचे व्याकरण चालत नाही. ते परस्परांस अनोळखी असलेल्या माणसांच्या गर्दीसाठी रचलेले आहे.

या व्याकरणात बदल होऊ शकतो याच्या खुणा खुद्द खेळातच आहेत. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेच्या सहभागाने २००४ साली 'अर्थकॅश' हा प्रकार सुरू झाला. त्यात डबी नसते. शोधकाने ठरलेल्या जागी जाऊन खडक, प्रवाह, थर यांचे निरीक्षण करायचे आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. लपवण्याचे काही नसल्याने कोणापासून लपण्याचेही कारण उरत नाही. बेसाल्टचा प्रदेश आणि तापीचे गाळाचे खोरे यांमधल्या यावल-रावेरच्या भूमीला हा प्रकार अधिक मानवेल. मात्र त्यातील प्रश्न दगडांना विचारलेले आहेत. माणसांना विचारून उत्तर मिळवावे लागेल असा प्रश्न त्यात घालण्यास अडचण कोणती आहे, हे कळत नाही. 'या विहिरीला हे नाव कशावरून पडले?' याचे उत्तर कोणत्याही उपग्रहाकडे नाही.

यावल तालुक्यात जीपीएस यंत्राला जोडलेला विषय डब्यांहून कितीतरी जड आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी यावल अभयारण्य आहे, आणि त्या पट्ट्यात पावरा, बारेला, तडवी भिल्ल यांची वस्ती आहे. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा अधिनियम २००६ साली झाला, त्याचे नियम २००८ साली आले. त्याखालील दाव्यांसाठी कसत असलेल्या जमिनीची मोजणी करताना अक्षांश-रेखांश नोंदवले जाऊ लागले. शहरी शोधकाच्या दृष्टीने पाच मीटरचा फरक म्हणजे आणखी दहा मिनिटांची मौज. दीड-दोन एकर कसणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने शेताच्या प्रत्येक कोपऱ्यावरचा तोच फरक म्हणजे पीक. उद्यानात वाकून शोधणाऱ्याला फार तर पहारेकरी हटकतो; अभयारण्याच्या हद्दीत वावरण्याचा हक्क सिद्ध करण्यात येथील माणसाची वर्षे जातात.

या नियमांतील पुराव्यांची यादी स्थानपोथीच्या वाचकाला ओळखीची वाटावी अशी आहे. तीत शासकीय कागदपत्रे आहेत, तसेच घर, झोपडी, सपाटीकरण, बांध यांसारख्या जमिनीवरच्या खुणा आहेत. विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या जुनेपण दाखवणाऱ्या जागा आहेत. आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाब आहेत. २०१२ च्या सुधारणेने हेही स्पष्ट केले की, उपग्रह प्रतिमा आणि इतर तंत्रज्ञान पुराव्याला पूरक म्हणून वापरावे, इतर पुराव्यांची जागा त्यांनी घेऊ नये. मोजणीच्या दिवशी यंत्र घेतलेला माणूस बांधाने चालतो, त्याच्यापुढे गावातील एखादा वृद्ध चालतो. कोपरा कोणता, हे तो वृद्ध थांबून दाखवतो. मग यंत्रावरचा आकडा लिहून घेतला जातो.